पाय लागला म्हणून

वारज्याच्या आमच्या दोन खोल्यांत दिवस उजाडायचा तो आईच्या शिलाई मशीनच्या आवाजाने. दूधवाला, कुकरची शिट्टी, शेजारच्यांचा रेडिओ हे सगळे त्याच्यामागून. आई अंघोळ करून, डाळ-तांदूळ लावून मशीनवर बसायची. बसण्याआधी मशीनच्या फळीला उजव्या हाताची बोटं टेकवायची, ती कपाळाला लावायची आणि मगच पायडलवर पाय ठेवायची. एकदा ठेवला की दुपारच्या चहापर्यंत तो आवाज काही थांबत नसे. आमचे घरमालक मूळचे वारज्याचेच, खाली त्यांचा गोठा होता. ते जिन्यातून वर बघत विचारायचे, "वहिनी, मशीन हाय का पिठाची गिरणी?" आई आतून म्हणायची, "दळण आणा, दळून देतो." आईची भाषा यवतमाळकडची. तिकडे बायकाही 'येतो, जातो, देतो' म्हणतात, आणि पुण्यात येऊन बारा गावचं पाणी प्यायली तरी तिने ती सोडली नाही. बाबा सरकारी कचेरीत कारकून होते, त्यांची बदली झाली म्हणून आम्ही इथे आलो. मी मात्र वर्षभरात दोन जिभांची झाले. उंबऱ्याच्या आत वऱ्हाडी, बाहेर स्वच्छ पुणेरी.

त्या खोलीत चालायला जागा अशी नव्हतीच. मशीन, कपड्यांचे गठ्ठे आणि स्टुलावर काजं करत बसलेली मी. येता-जाता मशीनला पाय लागायचाच, आणि लागला की वाकून हात लावायचा, तो छातीशी न्यायचा, हा आईचा कायदा. एकदा मी वैतागून म्हटलं, "तू त दिवसभर पायानंच हाणतं तिले. मंग माह्याच पायाचा काय दोष?" आई दोरा ओवत होती. सुईवरची नजर न काढता म्हणाली, "चालवाले लावते तो पाय नसते पोरी, ते काम असते. उगाच लागते तो पाय." मी वाद घालणारी मुलगी होते, पण त्या दिवशी वाकून हात लावला.

मशीनचा लळा मला तिथेच लागला. खालचं चाक, चामड्याचा पट्टा, आत लपलेली छोटी बॉबिन. पट्टा तुटला की तो जोडायचा मान माझा. म्हणून इंजिनिअरिंगला मेकॅनिकल घेतलं. वर्गात आम्ही दोघी मुली, आणि दुसरीने पहिल्याच महिन्यात शाखा बदलली. पहिल्या दिवशी साठे सर वर्गात आले, मला पाहिलं आणि म्हणाले, "आपण चुकून आला असाल तर दार तिथेच आहे." मी म्हटलं, चुकून नाही आले. "मग बसा. उभं राहून कोणी इंजिनिअर झाल्याचं ऐकिवात नाही." चार वर्षांत या माणसाने माझं एकदाही तोंडावर कौतुक केलं नाही. पण कार्यशाळेतल्या लेथवर माझी पाळी कुणी खाल्ली तर त्याची कंबख्ती भरायची.

ते दिवस मोठ्या गडबडीचे होते. देशाची दारं उघडली म्हणत होते, आणि पुण्यात तर चौकाचौकात संगणकाचे क्लास निघाले होते. कॉलेजात संगणकाच्या कंपन्या यायच्या आणि मेकॅनिकल असो की सिव्हिल, हुशार दिसेल त्याला उचलून कीबोर्डसमोर बसवायच्या. मलाही उचललं. बाबांना कोण आनंद. गावाकडून कुणी आलं की बाबा त्याला घ्यायला स्वारगेटला जायचे, आणि त्याची पिशवी हातात घेण्याआधी खिशातलं माझं नेमणुकीचं पत्र त्याच्या हातात द्यायचे. पण मला कारखान्यात जायचं होतं. कारखानेही यायचे कॉलेजात. माझे मार्क बघायचे, दोन-चार प्रश्न विचारायचे आणि मग चष्मा काढून पुसत म्हणायचे, "शॉपफ्लोअरवर मुलींची सोय नाही हो आमच्याकडे." तिसऱ्यांदा हे ऐकलं तेव्हा बसस्टॉपवर उभी राहून मी चांगली रडले. आज माझी मुलगी खराडीत एका काचेच्या इमारतीत काम करते. तिला हे सांगितलं की म्हणते, "आई, सिरीयसली? एसी सोडून तुला ऑइल हवं होतं?" हो बाई, ऑइलच हवं होतं.

अशात जर्मनीचं निघालं. आमच्या कॉलेजची तिकडच्या एका गावाशी मैत्री होती. दर वर्षी ते आठ विद्यार्थ्यांना आणि एका शिक्षकांना दहाएक दिवस बोलवायचे, सगळा खर्च त्यांचा. गावात पत्र्याचे सुटे भाग करणारा मोठा कारखाना होता, आणि आलेल्या आठांपैकी एकाला तो उन्हाळ्यापासून सहा महिने आपल्या शॉपफ्लोअरवर, प्रत्यक्ष मशीनांपाशी, शिकायला ठेवून घ्यायचा. मला ती जागा हवी होती. इतकी हवी होती की मी ती कुणापाशी बोलूनही दाखवली नव्हती. तिथे सहा महिने मशीनवर काढून आले असते, तर 'सोय नाही' म्हणायला इथे कुणाला तोंड राहिलं नसतं. नाही मिळाली तर जूनमध्ये कीबोर्ड होताच.

त्या वर्षीच्या आठांत मी होते आणि शिक्षक म्हणून साठे सर. आईने बरोबर शेंगदाण्याची चटणी दिली, दशम्या दिल्या आणि स्वतः शिवलेला गडद निळा कोट दिला. कोट कधी न शिवलेल्या बाईने मासिकातलं चित्र बघून तो शिवला होता. बाह्या जरा आखूड झाल्या होत्या, पण तिकडच्या थंडीत मी तो अंगावरून काढला नाही.

त्या गावातले बरेच दिवस आता एकमेकांत मिसळून गेले आहेत, एक सोडून. आम्हाला दिलेल्या कार्यक्रमात त्या दिवसापुढे 'संस्कृती आणि कारखाने' असं छापलं होतं. साठे सर वाचून म्हणाले, "म्हणजे सकाळी देऊळ, दुपारी धूर, संध्याकाळी आपली गाणी. बिचारे." सकाळी जुन्या चर्चमध्ये नेलं. आत शिरताना आम्ही आठही जण दाराशी थबकलो आणि बूट काढायला वाकलो. दाखवायला आलेल्या आजीबाई घाबरून "नको, नको, फरशी गार आहे" म्हणाल्या. वर घंटा सुरू झाल्या तशी पायाखालची फरशीही थरथरली. मग पाव करणारी यंत्रं बनवणारी एक छोटी कंपनी पाहिली. तिथे मिळालेले गरम पाव आम्ही नदीच्या पायऱ्यांवर बसून चटणीशी खाल्ले. साठे सरांनी चटणी दुसऱ्यांदा मागून घेतली आणि म्हणाले, "ठीक आहे." सदाशिव पेठेत याचा अर्थ अप्रतिम असा होतो, हे मला तोवर कळायला लागलं होतं.

दुपारी त्या मोठ्या कारखान्यात गेलो. दाराशी बोटांवर लोखंडी टोपी असलेले बूट घालायला दिले. बायकांच्या मापाचे नव्हतेच. सोय तिथेही नव्हती म्हणजे, आणि हे बघून मला वाईट वाटण्याऐवजी उलट धीर आला. पुढे कागदाचे बोळे कोंबून मी पुरुषी बूट चढवले आणि बदकासारखी फताडी चालत निघाले. आम्हाला फिरवायला क्राउझे नावाचे गृहस्थ आले. उंच, वयस्क, चष्मा दोरीने गळ्यात लटकवलेला. कामगारांना इजा होऊ नये हे बघणं त्यांचं काम, आणि शिकायला कोणाला ठेवायचं हे सुचवणंही त्यांच्याचकडे. इंग्रजी हळू आणि मोजून बोलायचे.

आत प्रेसची एक मोठी ओळ चालू होती. ठप्प करून वरचा भाग खाली यायचा, पत्र्याला आकार द्यायचा आणि वर जायचा. तो ठेका ऐकला आणि मला एकदम घरी आल्यासारखं झालं. एका प्रेससमोर क्राउझेंनी आम्हाला थांबवलं. तिच्या दोन्ही बाजूंना पिवळे खांब होते आणि त्यांच्या मधोमध डोळ्यांना न दिसणाऱ्या किरणांचा पडदा. त्या पडद्यात कामगाराचं बोट जरी गेलं, तरी प्रेस जागच्या जागी थांबते, असं त्यांनी समजावलं. असं काही आम्ही पुण्यात पुस्तकातही पाहिलं नव्हतं. सगळे माना लांब करून बघायला लागले, मी सगळ्यांच्या पुढे. पुढे सरकले आणि त्या लांबलचक बुटाचं टोक प्रेसच्या पायथ्याला खट्कन लागलं.

पुढचं मी केलं असं म्हणता येणार नाही, ते झालं. मी वाकले, उजवा हात पायथ्याला लावला आणि छातीशी नेला. हात छातीशी पोचेपर्यंत प्रेस थांबली होती. तिच्यामागची थांबली, मग तिच्यामागची. एकेक करत सगळी ओळ गप्प झाली. आमच्या घरी मशीन थांबलं की दोरा तरी संपलेला असायचा किंवा पाहुणे तरी आलेले असायचे. ही शांतता तसली नव्हती. लांबलांबचे कामगार हातातलं काम ठेवून आमच्याकडे चालत येत होते.

"झाला नमस्कार?" साठे सर माझ्या कानाशी म्हणाले. "का प्रदक्षिणाही घालायचीय?" मग आवाज आणखी खाली आणून, अगदी वेगळ्या सुरात म्हणाले, "हे बघा, तोल गेला म्हणायचं. दुसरं काही नाही. समजलं?" आणि क्राउझे जवळ येताच माझ्यापुढे होऊन त्यांनी ते स्वतःच सांगून टाकलं. बूट मोठे आहेत, मुलीचा तोल गेला, आम्ही दिलगीर आहोत.

क्राउझेंनी चष्मा डोळ्यांवर चढवला आणि मला विचारलं, "तुमचा तोल गेला?"

त्यांच्या विचारण्यात राग असता तर मी हो म्हणून मोकळी झाले असते. पण या माणसाला खरंच जाणून घ्यायचं होतं. कारण कळल्याशिवाय तिथे कुणी प्रेसच्या बटनाला हात लावत नव्हतं, आलेले कामगारही त्यासाठीच थांबले होते. तोल गेला म्हटलं असतं तर मला खुर्ची दिली असती, पाणी दिलं असतं आणि ओळ पुन्हा चालू झाली असती. खरं सांगितलं तर एक भोळी पोर मशीनच्या पाया पडते म्हणून सगळा कारखाना हसला असता, आणि असल्या पोरीला सहा महिने प्रेसजवळ कोण उभी करणार? ती जागा मला डोळ्यांसमोर जाताना दिसत होती. पण आईचा नमस्कार तोल गेल्याच्या खात्यात टाकायला माझी जीभ वळेना.

"नाही," मी म्हटलं. "माझा पाय मशीनला लागला. आमच्याकडे ज्यावर पोट चालतं त्याला पाय लावत नाहीत. लागला तर हात लावून क्षमा मागतात. म्हणून वाकले."

साठे सरांनी छताकडे पाहिलं. मुलांपैकी कुणीतरी खोकलं. क्राउझेंनी माझ्या बुटाकडे पाहिलं आणि नंतर हाताकडे. मग म्हणाले, "म्हणजे आधी पाय, नंतर हात?"

"हो."

"पाय कुठे लागला, दाखवा."

मी दाखवलं. ते एका गुडघ्यावर बसले. कामगाराला सांगून पडदा तेवढा चालू ठेवला आणि स्वतःचा बूट हळूहळू आत सारला. खांबावरचा हिरवा दिवा हिरवाच राहिला. सगळ्यात खालचा किरण जमिनीपासून बराच वर होता. त्याच्याखालून अख्खा पाय बिनबोभाट आत जात होता. आत पायथ्याशी पत्र्याचे कापलेले तुकडे बाहेर ढकलणारी सरकती पट्टी होती. तिच्यात बूट सापडला असता तर काय झालं असतं, हे तिथल्या कुणाला सांगायची गरज नव्हती. क्राउझेंनी दोघातिघांना खाली बसवलं, त्यांचेही पाय आत घालून पाहिले. त्यांच्या भाषेत जोरजोरात बोलणं झालं. आमच्याकडे पाहून हसत मात्र कुणीच नव्हतं.

उठून गुडघा झटकत ते मला म्हणाले, "हात आत गेला, मशीन थांबलं. ते बरोबर झालं. पाय आत गेला तेव्हा थांबलं नाही. ते आम्हाला माहीत नव्हतं. पाय मागे घेऊन तुम्ही गप्प राहिला असता तर अजूनही माहीत नसतं." मग जरा विचार करून विचारलं, "पुन्हा पाय लागला तर पुन्हा वाकाल?"

माझ्यामागे सर खाकरले. त्या खाकरण्यातलं 'नाही म्हणा' मला स्पष्ट ऐकू आलं. पण एवढं खरं बोलून झाल्यावर आता उगाच कशाला. "वाकेन," मी म्हटलं. "विचार करायच्या आधीच हात जातो."

"आणखी कुणाचा गेला असता?" त्यांनी सगळ्यांना विचारलं.

मुलं एकमेकांकडे बघायला लागली. आधी एक हात वर आला, मग दुसरा, मग सातही. एवढ्यावर थांबलं असतं, पण क्राउझे साठे सरांकडेही पाहत राहिले. सर, ज्यांनी चार वर्षं आम्हाला यंत्राकडे यंत्र म्हणून बघायला शिकवलं, ज्यांच्या टेबलावर खंडेनवमीला फूल ठेवलं तर ते फूल उचलून 'हे कुणाचं पडलं' विचारत, त्या सरांनी हात वर केला. कोपरापर्यंतच केला, पण केला. मला तेव्हा त्यांच्या पाया पडावंसं वाटलं.

"मग माणसं बदलण्यात अर्थ नाही," क्राउझे म्हणाले, "मशीन बदलू." माझं इंजिनिअरिंग खऱ्या अर्थाने त्या वाक्यापाशी सुरू झालं. पुढे पुण्याच्या आसपासच्या कितीतरी कारखान्यांत मी याच कामासाठी फिरले, आणि 'आमचे कामगार ऐकत नाहीत हो मॅडम' असं कुणी म्हणालं की मी आधी खाली बसून मशीनचा पायथा बघायची.

संध्याकाळी गावाच्या सभागृहात आमची गाणी झाली. त्यांच्या भजनमंडळाने तीन-चार आवाजांत काहीतरी फार सुंदर म्हटलं, आणि आम्ही सगळ्यांनी मिळून एकाच आवाजात, तोही किंचित चुकलेला. मी आतून पार विझले होते. दुपारचं सगळं छान होतं, पण सबंध ओळ बंद पाडणारीला कुणी बक्षीस देत नाही, एवढा व्यवहार मला कळत होता. जेवणाच्या टेबलावर क्राउझे बायकोला घेऊन माझ्यासमोर येऊन बसले. उरलेली चटणी मी त्यांच्यापुढे सरकवली. त्यांनी ती पावावर लोण्यासारखी जाड थापली, मोठा घास घेतला आणि त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. मग पाणी पिऊन, इतर काही सांगावं तसं म्हणाले, "खाली पायाला अडवणारी एक लोखंडी पाटी बसवणार आहोत. पिवळी. पाय तिच्यापर्यंतच जाईल, आत जाणार नाही, आणि वाकलं तरी हात पडद्याबाहेरच राहील. पण ती बरोबर बसली की नाही, हे तपासायला पाय लागल्यावर वाकणारं माणूस हवं. उन्हाळ्यात याल?"

मला आधी कळलंच नाही. सर शेजारी होते, त्यांना लगेच कळलं. ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "हो म्हणा. उभं राहायची गरज नाही." मी उभी राहिलेली होते.

घरी येऊन बाबांना सांगितलं. त्यांनी खिशातलं नेमणुकीचं पत्र काढून टेबलावर ठेवलं, सारखी घडी घालून त्याच्या चिंध्या व्हायला आल्या होत्या. "लोकांना काय सांगू मग आता?" त्यांनी विचारलं. चिडून नाही, खरंच अडचणीत पडल्यासारखे. आई मशीनवरच बसली होती. मी घडलेलं सगळं पुन्हा सांगितलं, तिने पाय थांबवून ऐकलं. "म्हंजे तू हात लावला अन् मशीन थांबली?"

"थांबली. सगळ्याच थांबल्या."

"मंग बरोबरच हाय. नमस्कार पोचला म्हणून थांबली." आणि बाबांकडे वळून म्हणाली, "लोकायले हेच सांगा." बाबांनी पुढे खरोखर हेच सांगितलं. स्वारगेटला उतरणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला ते सांगत, आणि दर वेळी थांबलेल्या मशीनांची संख्या वाढत गेली.

जूनमध्ये गेले. पहिल्याच सकाळी क्राउझे मला शॉपफ्लोअरवर घेऊन निघाले. दाराशी माझ्या मापाचे बूट ठेवलेले होते, नवे कोरे. मी ते घातले आणि लेस दोनदा सोडून पुन्हा बांधली. ओळ चालू होती, तोच ठेका. प्रेसच्या पायथ्याशी पडद्याच्या अलीकडे पिवळ्या रंगाची रुंद पाटी बसवलेली होती. कामगार हात थांबवून बघत होते. क्राउझेंनी मला हाताने खूण केली. मी पुढे झाले. पाय मुद्दाम लावायचा म्हटल्यावर मात्र तो उचलेना, जन्मात असं केलेलं नव्हतं. मनातल्या मनात म्हटलं, आई, हा पाय नव्हे, हे काम आहे. बुटाचं टोक पाटीला टेकवलं. आणि तरीही माझा हात खाली गेलाच, पाटीला लागला, छातीशी आला.

मशीन चालूच राहिलं.